मदत हवी आहे : फुलोरा संपत आला आणि वरची पानं तांबूस पडतायत

मंडळी, मी कॅनडात, ओंटारियोमध्ये राहतो. इथे २०१८ पासून घरटी चार गांजाची झाडं लावायला कायद्याने मुभा आहे, त्यामुळे तो विषय नको, झाडाचंच बोलू.

घरात झाडं वाढवायचा बंदिस्त तंबू आहे, त्यात एलईडी दिव्याखाली एकच झाड, कुंडीत पीटची (दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाची) माती. फुलोरा शेवटच्या टप्प्यात आहे, बरेचसे केसर तपकिरी झालेत. खालची जुनी पानं पिवळी पडून गळतायत, त्याची काळजी नाही. या वेळेला झाड पानांतलं नत्र फुलांकडे ओढतंच. अडचण वरच्या पानांची आहे. कडा करपल्यासारख्या, आत गंजासारखे ठिपके, शिरा मात्र हिरव्या. पानाच्या मागे भिंगाने पाहिलं, कोळी कीड किंवा तिची जाळी दिसली नाही.

कुंडीतून निथळलेल्या पाण्याचा सामू (पीएच) ५.६ आला. मातीत साडेसहाच्या आसपास हवा ना? मला वाटतं कॅल्शियम-मॅग्नेशियम मातीत आहे, पण आम्लतेमुळे मुळांना उचलता येत नाही. पण कडा करपणं पालाशच्या (पोटॅशियमच्या) कमतरतेचंही लक्षण, आणि दिवा फार जवळ असला तरी वरचीच पानं आधी भाजतात. शेंड्यापासून दिवा साधारण फूटभर वर आहे.

आता सामू ६.५ केलेलं साधं पाणी भरपूर घालून माती धुऊन काढू, की कापणी जवळ आलीय म्हणून हातच लावू नको? एवढ्या पाण्याने तंबूतला दमटपणा वाढून फुलांना बुरशी लागेल ही धास्ती वेगळीच. कृपया ‘थोडं शेणखत घाला’ नको, घरात बायको मलाच बाहेर काढेल. घरात कुंडीत वाढवणाऱ्यांनी सांगा, मिरची-टोमॅटोवाल्यांचा अनुभवही चालेल.