अनुभव धागा: घरातली पहिली पदवी आणि परदेशी सिनेमा शिकण्यासाठी उभे केलेले पैसे

अबोली

गेल्या रविवारी औशाजवळच्या एका मुलीचा फोन आला. तिला परदेशातल्या एका विद्यापीठात माहितीपटाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आहे, तिचे वडील वीटभट्टीवर काम करतात, बँकेने जामीनदार मागितला आहे, आणि तिच्या ओळखीत पगारपत्रक असलेली मी एकटीच आहे. मी होकार दिला आणि फोन ठेवल्यावर कपाटातून लाल कापडी बांधणीची एक वही काढली.

वहीच्या पहिल्या बारा पानांवर माझ्या ताईच्या लग्नातला आहेर लिहिलेला आहे: पातेले एक, टोपी-टॉवेल, रोख ५१. तेराव्या पानावर वरती "पोरीच्या शिक्षणाला" असे लिहून खाली लातूरच्या मोंढ्यातल्या हमालांची नावे आहेत. कोणाचे ५००, कोणाचे २००, एका नावापुढे "पुढच्या हप्त्याला" असे लिहून नंतर ते खोडून १५० केले आहेत. अक्षर टोळीच्या मुकादमांचे आहे, कारण माझ्या वडिलांना लिहिता येत नाही.

ही गोष्ट २०१८ सालची आहे. त्याच्या आदल्या वर्षी मला लंडनमधल्या एका चित्रपट शाळेत प्रवेश मिळाला होता. ती शाळा नावाजलेली होती, तिथून मोठे दिग्दर्शक बाहेर पडले होते, पण ती स्वतंत्र शाळा होती, विद्यापीठ नव्हते. ज्या शिष्यवृत्तीच्या भरवशावर मी होते, तिच्यासाठी जागतिक विद्यापीठ क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आतली संस्था लागते, आणि सिनेमा एवढेच शिकवणारी शाळा अशा क्रमवारीत येतच नाही, ही साधी गोष्ट मला अर्ज भरून झाल्यावर समजली. हे सांगू शकेल असे माझ्या आसपास कोणी नव्हते. ती जागा गेली. पुढच्या वर्षी मी मँचेस्टर विद्यापीठात दृश्य मानववंशशास्त्रासाठी अर्ज केला. तिथे १९८७ पासून ग्रॅनडा सेंटर आहे, माणसांमध्ये राहून माहितीपट कसा करायचा हे तिथे शिकवतात, आणि विद्यापीठ क्रमवारीत वरच्या क्रमांकांवर आहे. प्रवेश मिळाला आणि शिष्यवृत्तीही मिळाली.

तरीही शिष्यवृत्तीचे पैसे हातात पडण्याआधी अनामत, व्हिसा, आरोग्य अधिभार, विमानाचे तिकीट आणि पहिल्या महिन्याचे भाडे यांसाठी २,१०,००० रुपये लागणार होते. वडिलांनी हे मोंढ्यात सांगितले, त्याच संध्याकाळी वही फिरली. मला फार लाज वाटली आणि मी वडिलांना म्हणाले की आपण लोकांपुढे हात पसरतो आहोत. ते म्हणाले, "हात पसरणं न्हाई लेकी, आहेर हाय. आहेर फेडायचा असतो."

ज्यांनी असे पैसे उभे केले, आणि ज्यांना ते उभे करता आले नाहीत, त्या दोघांनीही येथे लिहावे अशी विनंती आहे.

कृष्णाकाठ

बँकेचेच सांगतो. माझ्या वडिलांच्या नावावर वाळवा तालुक्यात पावणेतीन एकर ऊसाची जमीन आहे, त्यामुळे आमच्या घरात सगळ्यांची अशी पक्की समजूत होती की तारण म्हणून सातबारा पुढे केला की काम झाले. कर्ज अधिकाऱ्याने उतारा पाहिला, घडी घालून परत दिला आणि शेतजमीन शैक्षणिक कर्जाला तारण चालत नाही असे सांगितले. कारण मला पुष्कळ उशिरा कळले: कर्ज थकल्यास तारण जप्त करण्याचा जो २००२ चा सरफेसी कायदा आहे, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे, म्हणून बँकांना त्या तारणाचा उपयोग नसतो. गावठाणातले घर दाखवले, तर त्याचे मिळकत पत्रक नव्हते, फक्त ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीचा उतारा, होता. शेवटी आत्याने इस्लामपुरातला तिचा बिनशेती प्लॉट दिला. आत्याच्या दोन्ही मुलांना ते पसंत नव्हते, आणि त्यांचे चुकत होते असे मी आजही म्हणणार नाही. साडेसात लाखांच्या वर कर्ज हवे असेल तर बँक बहुधा तारण मागते, हे धरून चालावे आणि घरातली कोणती मिळकत बिनशेती आहे याचा शोध प्रवेशपत्र हातात येण्याआधीच घ्यावा.

मी छायालेखन शिकलो. कर्जाचा शेवटचा हप्ता गेल्या दिवाळीत फिटला आणि त्या दिवशी आत्याला प्लॉटची मूळ कागदपत्रे नेऊन दिली. तिने ती मोजून घेतली, आत ठेवली आणि मग मला जेवायला वाढले.

दुपारचा चहा

अबोलीताई, कुकर लावून वाचायला बसले आणि वहीपाशी येऊन डोळे भरले. माझी आई चार घरी धुणेभांडी करते. उत्पन्नाचा दाखला काढताना तलाठी कार्यालयात तिला विचारले गेले की कामाचा पुरावा काय. चारही घरच्या बाईंनी लिहून दिले, त्यातल्या एका बाईंनी रक्कम कमी लिहिली कारण त्यांना वाटले की जास्त लिहिले तर आमचे नुकसान होईल. सविस्तर रात्री लिहिते.

माणदेशी

दाखल्याचा विषय निघालाच आहे तर जात पडताळणीबद्दल लिहितो, कारण सिनेमाच्या शिष्यवृत्तीसाठी मी सर्वांत जास्त दिवस सिनेमावर नव्हे, या कागदावर घालवले. समितीला वडिलांचा किंवा आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला लागतो. आमच्या घरात शाळेत गेलेला पहिला माणूस मी. शाळेतच कोणी गेले नाही, तर शाळा सोडल्याचा दाखला कोठून आणायचा? अनुसूचित जातींसाठी १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, म्हणून तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून कोतवाल बुकातल्या, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीतल्या, पणजोबांच्या नोंदीची नक्कल काढायला तीन महिने गेले. नोंद मोडीत होती, त्यामुळे मोडी वाचणारे गृहस्थ साताऱ्यात शोधावे लागले. त्यांनी पणजोबांचे नाव बोटाने दाखवून वाचले. घरात ते नाव कोणालाच माहीत नव्हते. माझ्या प्रवेशासाठी केलेल्या पहिल्या लघुपटात ते पान आहे आणि ते बोटही आहे.

ज्यांची पडताळणी बारावीत झाली नसेल, त्यांनी प्रवेशाची वाट न पाहता आजच अर्ज करावा.

पूर्वरंग

मी महाविद्यालयात माध्यमशास्त्र शिकवतो. तुमची पत्रे वाचून मला आपल्या सिनेमाचा आरंभच आठवला. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले ते विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून. तिथे त्यांनी सेसिल हेपवर्थ या इंग्रज चित्रपट निर्मात्याकडे काम पाहिले, विल्यमसन कॅमेरा घेतला आणि काही आठवड्यांत परत आले. त्यानंतर भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी वाटाण्याचा कोंब रोज थोडाथोडा चित्रित करून त्याचा वाढत जाणारा वेल पडद्यावर दाखवला. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने कामी आले ते निराळेच. पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार.

मी हे केवळ इतिहास म्हणून लिहीत नाही. पैसे मागणाऱ्या विद्यार्थ्यांना मी फाळक्यांचा वाटाणा सांगतो. अर्जासोबतच्या उद्देशपत्रात "मला लहानपणापासून सिनेमाची आवड आहे" असे लिहिणारे शेकडो असतात. तुम्ही मोबाईलवर का होईना, तुमच्याच गल्लीतली पाच मिनिटे नीट चित्रित करून, नीट ध्वनी घेऊन दाखवलीत, तर निवड समिती ती पाच मिनिटे पाहते.

रात्रपाळी

मी जाऊ शकलो नाही, म्हणून लिहावे की नाही असा विचार करत होतो, परंतु अबोलीताईंनी आमच्यासारख्यांनाही बोलावले आहे. २०१९ मध्ये प्रवेश मिळाला, संस्थेने एक वर्ष जागा राखून ठेवली, मी शिष्यवृत्तीसाठी दोन ठिकाणी अर्ज केले आणि दोन्हीकडे प्रतीक्षायादीत राहिलो. मग २०२० उजाडले. वडिलांची रिक्षा चार महिने दारात उभी होती आणि घरातल्या कोणापुढेही परदेशाचे नाव काढणे मला शक्य नव्हते. जागा रद्द झाल्याची ईमेल मी कोणाला दाखवली नाही. इंग्रजीची परीक्षा दिली होती, तिचा निकाल दोन वर्षे ग्राह्य असतो, तो दिवस मी दिनदर्शिकेवर लिहून ठेवला होता आणि तो आला तसा गेला.

आता मी एका वृत्तवाहिनीत रात्रपाळीला संकलन करतो. काम मन लावून करतो. माझे दुःख पैसे कमी पडल्याचे तितके नाही. वडिलांना मी कधी विचारलेच नाही, याचे आहे. ते काहीतरी म्हणाले असते.

अबोली

रात्रपाळीदादा, तुम्ही लिहिलेत याचे मोल मला फार वाटते. माझ्या बरोबरीच्या ज्या मुलामुलींना प्रवेश मिळाला होता, त्यांतले निम्म्याहून अधिक जाऊ शकले नाहीत, आणि त्यांच्यापैकी दोघे माझ्यापेक्षा चांगले चित्रित करायचे. त्यांची नावे कोणत्याच यादीत आली नाहीत.

पोट्सडाम रस्ता

जर्मनीबद्दल थोडे लिहितो, कारण शिक्षण फुकट आहे एवढेच ऐकून पुष्कळजण अर्ज करतात. बाबेल्सबर्गसारख्या सरकारी चित्रपट विद्यापीठात दिग्दर्शनाच्या अभ्यासक्रमाला शिक्षण शुल्क नाही हे खरे आहे, मात्र शिक्षण जर्मनमध्ये असते आणि प्रवेशपरीक्षेत स्वतःचे काम दाखवावे लागते. प्रागच्या फामू या चित्रपट शाळेतही चेक भाषेत शिकल्यास शुल्क नसते, इंग्रजी अभ्यासक्रमाला मात्र शुल्क भरावे लागते. शुल्क वाचले तरी व्हिसासाठी राहण्याखाण्याचे पैसे आधी दाखवावे लागतात. जर्मनीत ते एका बंद खात्यात ठेवतात: वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२. ज्या घरात एवढे पैसे एकत्र कधीच आले नाहीत, तिथे "शुल्क नाही" या शब्दांनी काही फार हलत नाही. डाड (DAAD) या जर्मन शैक्षणिक विनिमय संस्थेची शिष्यवृत्ती चित्रपट क्षेत्रालाही आहे, तिचा विचार जरूर करावा. मी पुण्यात पावणेदोन वर्षे जर्मन शिकलो. सकाळी सहाचा वर्ग आणि त्यानंतर औषधाच्या दुकानात नोकरी, असे दिवस होते. भाषा शिकणे हाही पैसे उभे करण्याचाच एक मार्ग आहे, असे मी आता मानतो.

दुपारचा चहा

म्हटल्याप्रमाणे आले. धाकटा आत्ताच झोपला आहे. माझी हकीकत थोडक्यात अशी की पटकथालेखनासाठी मी जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्जाऊ शिष्यवृत्ती घेतली. हा निधी १८९२ पासून आहे आणि ते पैसे परत करायचे असतात, हे नीट समजून घ्यावे. मुलाखतीत मला विचारले की शिकून आल्यावर काय लिहिणार. मी तयारी केलेले उत्तर विसरले आणि म्हणाले की माझी आई ज्या चार घरी जाते, त्या चारही घरांत स्वयंपाकघराची खिडकी कोणत्या बाजूला आहे ते मला तिच्या सांगण्यावरून पाठ आहे, मी कधीही आत न गेलेल्या त्या घरांबद्दल लिहिणार आहे. त्यानंतर मुलाखत बराच वेळ त्या खिडक्यांवरच चालली.

माणदेशी, ते मोडी वाचणारे गृहस्थ अजून साताऱ्यात आहेत का? माझ्या दिरांना गरज आहे.

माणदेशी

आहेत. निरोप पाठवतो.

वेणूचे बाबा

नमस्कार. मी एस. टी. महामंडळात वाहक आहे. मुलगी तृतीय वर्षाला आहे, आमच्या घरातून कॉलेजला गेलेली ती पहिलीच. ती म्हणते मला ध्वनिसंयोजन शिकायला बाहेर जायचे आहे. मला त्यातले काही कळत नाही, त्यामुळे मी तिला हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. आपण सर्वांनी लिहिलेले दोनदा वाचले. आम्ही अनुसूचित जातीचे आहोत. कोठून सुरुवात करावी, हे कृपया सांगावे.

अबोली

काका, नमस्कार. सुरुवात तुम्ही केलीच आहे. केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या १२५ जागा आहेत, त्यांतल्या ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत, आणि उरलेल्या जागा विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहेत. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत, पदवीला ६० टक्के आणि वय ३५ च्या आत, अशा अटी आहेत. म्हणून वेणूने या वर्षी गुणांकडे दुर्लक्ष करू नये. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही आहे. दोन्हींची त्या त्या वर्षीची जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी, विशेषतः विषय आणि क्रमवारी यांविषयीच्या अटी. केंद्राच्या योजनेतून २०२२ पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास असे विषय वगळले आहेत, त्यामुळे माहितीपट करू इच्छिणाऱ्यांनी अभ्यासक्रमाचे नाव आणि आपला प्रस्ताव फार जपून मांडावा लागतो. ध्वनीच्या विद्यार्थ्यांना ही अडचण कमी येईल असे मला वाटते. संस्था निवडताना स्वतंत्र चित्रपट शाळा आणि मोठ्या विद्यापीठातला विभाग यांतला फरक पाहावा. मी त्यात एक वर्ष घालवले.

ब्रिटनला जायचे झाल्यास खर्चाची रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. शासनाची शिष्यवृत्ती असेल तर तिचे पत्र चालते. तरी पहिल्या महिन्याच्या खर्चाची तजवीज वेगळी ठेवावी, कारण पहिला हप्ता कोणत्या तारखेला येईल हे कोणी सांगू शकत नाही. मी मँचेस्टरला पहिले एकोणीस दिवस वहीतल्या पैशांवर राहिले.

रात्रपाळी

वेणूच्या बाबा, तुम्ही तिच्यासाठी येथे लिहिलेत हे तिला आवर्जून सांगा. ध्वनीचे काही काम दाखवायचे असेल तर आमच्याकडे रात्री दोननंतर ध्वनिकक्ष रिकामा असतो. वरिष्ठांना विचारून ठेवतो.

कृष्णाकाठ

अबोलीताई, औशाच्या मुलीच्या कर्जाला दुसरा जामीनदार लागला तर मला कळवा. माझे पगारपत्रक आता मोकळे आहे.

वेणूचे बाबा

सर्वांचे आभार. वेणूला वाचून दाखवले. बारावीला काढलेली पडताळणीची पावती तिच्या आईने ट्रंकेत ठेवली होती, ती सापडली आहे. रविवारी माझी सुट्टी आहे, तेव्हा तिला घेऊन रिकॉर्डिंगला डेपोत जाणार आहे. तिला पहाटेची पहिली गाडी सुरू होतानाचा आवाज हवा आहे.