'लायबिलिटी'ला जबाबदारी म्हणावे की दायित्व?

प्रश्न : फोर्टमधील एका वकिली कचेरीसाठी मी एका टिपणाचे भाषांतर करीत आहे. ग्राहकाने प्रताधिकाराचा (कॉपीराइटचा) भंग केला, तर इंटरनेट सेवा पुरवणारी कंपनी कितपत बांधील ठरते, असा त्याचा विषय आहे. 'लायबिलिटी'साठी 'जबाबदारी' चालेल का? 'सेफ हार्बर'ला काय म्हणावे?

उत्तर १ : 'जबाबदारी' येथे फार सैल पडते. कायद्याने नेमून दिलेले काम ती जबाबदारी, आणि दुसऱ्याच्या कृत्यापायी भरपाई अंगावर येते ते दायित्व. कॅनडाच्या कायद्यात हा फरक स्पष्ट दिसतो. तेथे प्रताधिकारधारकाची सूचना ग्राहकाकडे पोहोचवणे ही कंपनीची जबाबदारी असून ती चुकवल्यास ५,००० ते १०,००० डॉलरपर्यंत भरपाई द्यावी लागते. मात्र ही भरपाई सूचना न पोहोचवल्याबद्दल असते, ग्राहकाने केलेल्या भंगाबद्दल नव्हे. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात दायित्वापासून मिळणारे संरक्षण सशर्त आहे : वारंवार भंग करणाऱ्यांची सेवा बंद करण्याचे धोरण कंपनीने आखून ते अमलात आणले पाहिजे. त्यामुळे 'सेफ हार्बर'ला 'सशर्त संरक्षण' म्हणावे. 'सुरक्षित बंदर' लिहिलेत, तर वाचक थेट माझगाव गोदीत पोहोचेल.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७९ ने असे संरक्षण दिले खरे, पण कलम ८१ च्या परंतुकाने (कलमाला जोडलेल्या अपवादाने) प्रताधिकार अधिनियम, १९५७ खालील हक्क अबाधित राखले. या दोहोंचा मेळ कसा घालायचा, यावरच मायस्पेस या समाजमाध्यम संकेतस्थळाविरुद्धचा खटला लढला गेला. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींचा २०११ मधील निर्णय कंपनीच्या विरोधात गेला. २०१६ मध्ये खंडपीठाने तो फिरवला आणि विशिष्ट भंगाची प्रत्यक्ष माहिती असल्याखेरीज दायित्व येत नाही, असे ठरवले. येथे 'प्रत्यक्ष' हा शब्द गाळू नये, सारा निर्णय त्यावरच उभा आहे.

उत्तर २ : वरील मताशी सहमत आहे, फक्त 'इंटरमीडियरी'साठी, म्हणजे इतरांचा मजकूर पोहोचवणाऱ्या किंवा साठवणाऱ्या कंपनीसाठी, वर्तमानपत्री 'मध्यस्थ' जपून वापरावा. न्यायालयाच्या आवारात 'मध्यस्थ' म्हणजे तंटा मिटवणारा, आणि सेवा पुरवणारी कंपनी तर कित्येकदा स्वतःच प्रतिवादी असते. पहिल्या उल्लेखात 'मध्यस्थ सेवादाता' लिहून पुढे नुसते 'सेवादाता' म्हटल्यास घोटाळा होणार नाही.