इन्सुलेशनने घर गुदमरतं म्हणे!

सातारचा सिव्हिल
काल इथे कुणीतरी लिहून गेलं की भिंतीला इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) केलं की घर गुदमरतं, बुरशी येते, पूर्वजांच्या भिंती मात्र श्वास घ्यायच्या. खाली लाइकचा पाऊस. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

गिलावा केलेल्या भिंतीतून हवा आरपार जात नाही हो! म्युनिकच्या पेटेनकोफर या आरोग्यशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात ही समजूत मांडली, पुढे मोजमाप झालं आणि ती निकालात निघाली. आपण अजून तिची आरती करतोय. चुना-माती थोडी वाफ शोषते आणि सोडते, एवढंच. घरातली हवा बदलते ती खिडक्या, फटी आणि पंख्यांनी.

आणि बुरशीला पाण्याचे थेंब लागतच नाहीत. भिंतीच्या पृष्ठभागाशी आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की झालं. थंड देशात भिंत आतून गार पडते म्हणून ओल धरते. बाहेरून इन्सुलेशन लावलं की तीच भिंत उबदार राहते. मग रोग कुठला आणि औषध कुठलं? जर्मनीत डार्मस्टाटला १९९१ मध्ये बांधलेली पॅसिव्ह घरं, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत उबदार राहणारी, जवळजवळ हवाबंद आहेत. हवा बदलायला तिथे यंत्रणा बसवलीय, म्हणून कुणी गुदमरत नाही.

चिरेबंदी
डार्मस्टाट राहू द्या, जुलैत राजापूरला या. आमचं जांभ्याचं, कौलारू घर. बाहेरून शेवाळ चढतं, आत कपाटातल्या चपला हिरव्या होतात, सगळं मान्य. पण पाऊस उघडला की घर सुकतं. शेजारी भावाने बंगला बांधला, आर्किटेक्ट शहरातला. बेडरूमला आतून थर्माकोल, त्यावर प्लास्टिकचा कागद, वर विनाइलचा वॉलपेपर, एसी २० वर. दुसऱ्याच पावसाळ्यात वॉलपेपरवर गुलाबी डाग उमटले. कोपरा ओढला तर मागे काळी बुरशी आणि हाताला चिकट ओल. याला काय म्हणायचं, औषध?

सातारचा सिव्हिल
याला थंड देशाची पद्धत डोळे मिटून उचलणं म्हणतात. तिथे वाफ आतून बाहेर जाते, म्हणून वाफ अडवणारं प्लास्टिक आतल्या बाजूला. तुमच्याकडे पावसाळ्यात बाहेर २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता, म्हणजे दवबिंदू (ज्याखाली वाफेचं पाणी होतं ते तापमान) २६ च्या आसपास. आत एसी २० वर. वाफ बाहेरून आत येणार आणि त्या गार प्लास्टिकच्या पाठीवर फ्रिजमधल्या बाटलीसारखी घाम होऊन बसणार. दोष आर्किटेक्टचा, इन्सुलेशनचा नाही.

चिरेबंदी
वा! घर बिघडलं की आर्किटेक्टचा दोष, टिकलं की विज्ञानाचा विजय.

इसारकाठचा
इथे म्युनिकमध्ये उलटा छळ. जुन्या बिल्डिंगला नव्या घट्ट खिडक्या बसवल्या, फटी गेल्या, बेडरूमच्या कोपऱ्यात काळं आलं. घरमालक म्हणतो, तुम्ही खिडकी उघडत नाही, स्वयंपाक फार करता, कपडे घरात वाळवता. हिवाळ्यात कपडे काय बर्फात वाळवू?

ठाणे पश्चिम
कपड्यांचं नाव काढलंत म्हणून. आमच्या सोसायटीने गॅलरीच्या कठड्यावर कपडे वाळत घालायला बंदी केलीय, बिल्डिंगची शोभा जाते म्हणे. सगळे कपडे हॉलमध्ये स्टँडवर, पंख्याखाली. जीन्स तीन दिवस ओल्या, घरभर कुबट वास, सोफ्यामागच्या भिंतीला पोपडे. सेक्रेटरी म्हणतात, बाहेरून वॉटरप्रूफिंग करू, प्रत्येकी पैसे काढा!

इसारकाठचा
पाच-पाच मिनिटं सगळ्या खिडक्या उघडा, कोरडी हवा आत येते.

ठाणे पश्चिम
जुलैत? ठाण्यात? कोरडी हवा? तुम्ही गेलात कधी इथून?

चिरेबंदी
😂 हे फ्रेम करून लावा.

सातारचा सिव्हिल
विषय इन्सुलेशनचा होता.

ठाणे पश्चिम
तुमचा असेल. माझा पोपड्यांचा आहे. मशीनच्या एका घाण्यातलं लिटर-दोन लिटर पाणी शेवटी हॉलच्या हवेतच जातं. ते कुठल्या पुस्तकात मोजलंय ते सांगा.

साइटवरून
ताईंचा मुद्दा खरंतर मूळ प्रश्नाच्या जवळ आहे, आणि सातारकरांनी तो सोयीस्कर गाळलाय. इन्सुलेशनने उष्णता कमी येते, आर्द्रता नाही. कपडे, स्वयंपाक, माणसं, बाहेरची हवा, त्यांचं पाणी तेवढंच राहतं. उष्णता कमी झाली की एसी लवकर थांबतो, आणि एसी थांबला की त्याचं हवेतलं पाणी काढणंही थांबतं. त्यात लोक छोट्या खोलीला दोन टनाचा एसी बसवतात. खोली पटकन गार, पण दमटच. म्हणजे वीज वाचवणाऱ्या घरात ओलीचा त्रास वाढू शकतो. दमट प्रदेशातल्या अशा घरांचं हे जुनंच दुखणं आहे.

घरांच्या ऊर्जाबचतीची केंद्राची नियमावली, इको निवास संहिता २०१८ बघा. भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेला चौरस मीटरमागे १५ वॅटची मर्यादा, आणि उष्ण-दमट पट्ट्यात उघडता येणाऱ्या खिडक्या चटईक्षेत्राच्या १६.६६ टक्के. उघड्या खिडक्यांनी उन्हाळा निघतो. पावसाळ्यात एसी लावून खिडक्या बंद केल्यावर वाफेचं काय, ते ज्याचं त्याने बघायचं.

सातारचा सिव्हिल
ठीक. दमट हवेत नुसतं इन्सुलेशन पुरत नाही, पाणी काढायची वेगळी सोय हवी, हे मी लिहायला हवं होतं असं तुमचं म्हणणं असेल तर असो. पण "घर गुदमरतं" हा मूर्खपणा तरीही मूर्खपणाच.

चिरेबंदी
म्हणजे आधी हवाबंद करा, मग हवेसाठी मशीन घ्या, मग पाण्यासाठी दुसरं मशीन घ्या. आणि लाइट गेली की? आमच्याकडे पावसात दोन-दोन दिवस नसते.

सातारचा सिव्हिल
जांभ्याच्या घरात एसी नसेल तर तुमचं घर ठीकच आहे. कुणी हात लावायला सांगितलंय?

चिरेबंदी
आभारी आहे. भावाला कळवतो.

ठाणे पश्चिम
माझ्या पोपड्यांचं कुणी बोलणार आहे का? रविवारी मीटिंग आहे.

साइटवरून
सोफा भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, वाळवायची खोली एकच ठेवा, दार बंद करून तिथे डीह्युमिडिफायर (हवेतलं पाणी ओढणारं यंत्र) लावा. पैसे भरण्याआधी भिंतीतली ओल मीटरने मोजून घ्या. फक्त आतल्या पृष्ठभागावर ओल असेल तर बाहेरच्या वॉटरप्रूफिंगचा काडीचा उपयोग नाही.

ठाणे पश्चिम
मीटरचे पैसेसुद्धा प्रत्येकी काढतील. बघते.