मावशींचे बँक खाते

बी-३०२: खजिनदारसाहेब, आपल्या सोसायटीचा जिना झाडणाऱ्या मावशींचा पगार कृपया अडवून ठेवू नये. नाक्यावरच्या बँकेने त्यांना काल दुसऱ्यांदा परत पाठवले. फिनाइलच्या पाण्याने त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत, यंत्राने चार वेळा अंगठा घेतला नाही आणि खाते उघडता येणार नाही एवढेच त्यांना सांगण्यात आले.

खजिनदार: मावशींबद्दल सर्वांनाच आस्था आहे. तथापि वार्षिक सभेत ठरल्याप्रमाणे पगार रोख देता येणार नाही.

सी-१०४: मी ३१ वर्षे बँकेत काढली आहेत, म्हणून सांगतो. भाड्याने दिलेल्या खात्यांतून फसवणुकीचे पैसे फिरतात आणि चौकशी लागली की खाते उघडणाऱ्या अधिकाऱ्यालाच जाब द्यावा लागतो. ओळख पटली नाही, तर नकार देण्याचा अधिकार बँकेला हवाच.

बी-३०२: काका, ओळख पटली नाही, की पटवून घेण्याची तसदीच घेतली नाही? आधारवरचा क्यूआर कोड स्कॅन करून अंगठ्याशिवायही पडताळणी होते. कागदपत्रे नसलेल्यांसाठीसुद्धा फोटो आणि अधिकाऱ्यासमोर केलेली सही किंवा अंगठा एवढ्यावर 'स्मॉल अकाउंट' उघडण्याची तरतूद आहे. त्यात शिल्लक ५०,००० रुपयांच्या वर ठेवता येत नाही आणि महिन्याला १०,००० रुपयांपेक्षा जास्त काढता येत नाहीत, म्हणजे तुमच्या भीतीची काळजी नियमानेच घेतली आहे.

ए-५०१: त्या सभेला जेमतेम नऊ जण हजर होते, हेही एकदा लिहावे.

खजिनदार: ठराव रीतसर झाला आहे, शंका असल्यास लेखी कळवावी. पगार रोख देता येणार नाही.

सी-१०४: ताई, काउंटरवर तोंडी नकार देणे चुकीचेच होते, हे मी मान्य करतो. लेखी तक्रार द्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते.

बी-३०२: आणि ते ३० दिवस मावशींनी घर कसे चालवायचे? लाडकी बहीणचे १५०० रुपयेही खात्यावरच येतात. सरकार आणि सोसायटी दोघेही खात्यावाचून पैसे देणार नसतील, तर खाते नाकारणे म्हणजे कष्टाचा पैसाच नाकारणे आहे.

सी-१०४: सोमवारी साडेदहाला मी मावशींबरोबर शाखेत जातो. जनधनचा अर्ज मी भरून देईन. मूळ आधारकार्ड आणायला सांगा, झेरॉक्स चालणार नाही.

खजिनदार: आभारी आहे. तोपर्यंत मात्र पगार रोख देता येणार नाही.

ए-५०१: मग बेअरर चेक द्या, तो खाते नसतानाही बँकेत वटवता येतो. ठराव रोखीबद्दल आहे, चेकबद्दल नाही.

खजिनदार: त्यावर सचिवांचीही सही लागेल. ते रविवारी गावाहून परततील, तेव्हा चेक तयार ठेवतो.