तिकीट तोडून काढलं तर स्वस्त पडतं का?

चादरवाला: भाची लीड्सला शिकते. लंडनला जाताना एकाच गाडीची दोन तिकिटं काढते, मधल्या स्टेशनापर्यंत एक, पुढचं दुसरं. गाडी तिथं थांबत असली म्हणजे झालं, उतरायचंही नाही. पैसे वाचतात म्हणे. सोलापूर-मुंबईला कुर्डुवाडीत तोडून असं जमेल का ओ?

बुकिंगबाबू (निवृत्त): अजिबात नको. तिकडं भाडं वेळेगणिक, कंपनीगणिक बदलतं, म्हणून अशी फट सापडते. आपल्याकडं जितकं लांब जाल तितकं किलोमीटरमागं भाडं उतरतं. तोडलं की तो फायदा गेला. त्यात स्लीपरला किमान 200 किलोमीटरचे पैसे घेतात, कुर्डुवाडी तर 80 च्या आसपास! वर रिझर्व्हेशनचे 20, गाडी सुपरफास्ट असेल तर आणखी 30, तेही दोनदा. खिडकीवर हे गणित घेऊन येणारे बहुतेक इंजिनिअरिंगची पोरं असायची. कागदावर मांडून दिलं की गप निघून जायची.

सातरस्ता: आणि वेटिंग असेल तर?

बुकिंगबाबू (निवृत्त): तेव्हा तोडा की. पुण्यापर्यंत एक, पुढं दुसरं. महाग पडेल, पण जागा मिळेल. दोन्ही कन्फर्म आहेत ना, तेवढं बघा.

चादरवाला: म्हणजे स्वस्त काहीच नाही?

बुकिंगबाबू (निवृत्त): आहे की, सिद्धेश्वरचा जनरल डबा. रात्रभर पाय दुमडून बसायची तयारी ठेवा. ज्येष्ठांची सवलत विचाराल तर ती मार्च 2020 मध्येच थांबवली.