गाडी तापली तेव्हा… (अनुभव धागा)

मे महिन्यात घरच्या लग्नाच्या खरेदीला गोव्याहून बेळगावला निघालो होतो. साखळी, केरी ठीक गेली. चोर्ला घाटाच्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर तापमानाची सुई चढायला लागली. एसी बंद केला, थोडी उतरली, पण पुढे पुन्हा चढतच राहिली. कडेला थांबून बॉनेट उघडलं तर रेडिएटरला जोडलेल्या जास्तीच्या पाण्याच्या बाटलीतलं पाणी खदखदतंय. मी फडकं घेऊन रेडिएटरच्या (इंजिनचं पाणी थंड करणाऱ्या जाळीच्या) टोपीला हात घालणार, तेवढ्यात मागून आलेल्या एका ट्रकवाल्याने माझं मनगटच धरलं. पाऊण तास थांबवलं त्याने. त्या टोपीखाली दाब असतो, आणि त्या दाबामुळेच पाणी शंभराला न उकळता एकशेवीसच्या आसपास उकळतं. टोपी सैल केली की दाब जातो आणि सगळं एकदम उसळून अंगावर येतं.

घरी आल्यावर पहिल्या गॅरेजमध्ये "रेडिएटर चोक" असं निदान झालं. नवा रेडिएटर बसला, पैसे गेले, आठवड्याने सुई पुन्हा वर. मग साखळीच्या एका जुन्या मेस्त्रीकडे गेलो. त्यांनी पान्यालाही हात लावला नाही. म्हणाले, "उदक खंय वता तें पयलीं सोद. फाल्यां सकाळीं गाडी चालू करचे पयलीं बॉनेट उगड." (पाणी कुठे जातं ते आधी शोध. उद्या सकाळी गाडी चालू करण्याआधी बॉनेट उघड.)

सकाळी उघडलं. वरचा रबरी पाईप चपटा झालेला, सरबताचं पाकीट शेवटच्या घोटाला चपटं होतं तसा. बाटलीत पाणी मॅक्सच्या रेघेला आणि रेडिएटर अर्धा रिकामा! टोपीत दोन झडपा असतात. गरम झाल्यावर एक जास्तीचं पाणी बाटलीत सोडते, थंड झाल्यावर दुसरी ते परत आत घेते. माझी दुसरी अडकली होती. मी रोज बाटली बघून निर्धास्त. टोपी बदलली, तीही त्याच दाबाच्या आकड्याची, आणि विषय संपला. जुना रेडिएटर मात्र भंगारात गेला होता.

तुमचे अनुभव लिहा. काय झालं यापेक्षा नेमकं काय बघितल्यावर कळलं, ते लिहिलंत तर जास्त बरं.

पर्वरीहून

आमची गाडी हायवेवर शहाण्यासारखी वागायची. पर्वरीला उड्डाणपुलाच्या कामात अडकलं की तापायची, आणि एसी गरम वारा फेकायचा. पुढे रस्ता मोकळा झाला की सगळं आपोआप ठीक. चालत्या गाडीला वारा मिळतो, उभ्या गाडीला फक्त पंखा. पंखा कधी फिरतो हे मी आयुष्यात ऐकलंच नव्हतं. घरी उभ्या गाडीत एसी लावून कान दिला, तर समोर शुकशुकाट.

फ्यूज ठीक होता. हॉर्नचा रिले (वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच) त्याच जातीचा होता, तो काढून पंख्याच्या जागी लावला आणि पंखा घर्रकन फिरला. (आधी दोन्हींवरचे नंबर जुळतात का ते बघा.) म्हणजे मोटर शाबूत, फक्त रिले मेलेला. तोवर दोन दिवस मी हीटर फुल्ल लावून ऑफिस गाठलं, कारण हीटर म्हणजे आत बसवलेला छोटा रेडिएटरच, इंजिनची थोडी उष्णता तोही काढून घेतो. मे महिन्यात, पर्वरीत, हीटर! सासूबाई शेजारी होत्या. त्या काय म्हणाल्या ते इथे लिहीत नाही.

उसगावहून

आमच्याकडची तांबडी धूळ तुम्हाला ठाऊकच आहे. समोरून जाळी बघितली की लख्ख दिसायची, दर रविवारी पाणी मारायचो ना! पण एसीचा कंडेन्सर (एसीची स्वतःची जाळी) पुढे आणि रेडिएटर मागे, मधे बोटभर फट. त्या फटीत चिखल, पाचोळा, मेलेले पतंग यांचा थर वाळून भाकरीसारखा बसला होता. कंडेन्सर पुढे सरकवल्यावरच दिसला. इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने साध्या नळाचं पाणी सोडून धुवा. प्रेशरचा फवारा जवळून मारला तर पाती वाकतात, मी दोन इंच पट्टा तसा वाकवून ठेवलाय.

म्हापशाहून

विहिरीचं पाणी ओतू नका. मी सहा वर्षं ओतलं, थर्मोस्टॅट (पाणी गरम झाल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) काढला तेव्हा त्यावर गंजाचा लाल गाळ. आता डिस्टिल्ड पाणी आणि कुलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं रंगीत द्रावण) निम्मं निम्मं. रंगावर जाऊ नका, हिरवं-गुलाबी हा काही नियम नाही. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं घ्या, दोन जातींचं मिसळलं तर आत गाळ धरू शकतो.

कुडचड्याहून

थर्मोस्टॅट काढूनच टाका हो. गोव्यात कसली थंडी! आमच्या जुन्या जीपला कधीच नव्हता.

मडगावहून

कुडचडेकर, तुमच्या जीपचं ॲव्हरेज कधी मोजलंत का? थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. तो नसेल तर इंजिन गरम व्हायलाच वेळ लागतो, तोवर पेट्रोल जास्त जातं. बिघडला असेल तर किटलीत उकळत्या पाण्यात टाकून बघा, उघडतो की नाही ते डोळ्यांना दिसतं. खराब असेल तर नवा घाला.

आता माझी चूक. काणकोणहून येताना करमल घाटात सुई वर गेली, आणि दोन मिनिटांत खाली आली. मी खूश. मुलाला म्हटलं, बघ, आपोआप उतरली. प्रत्यक्षात खालच्या पाईपची क्लिप निसटून सगळं पाणी रस्त्यावर गेलं होतं. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो, पाणीच नसेल तर तो हवेचं तापमान सांगत बसतो. पुढे पाच किलोमीटर तशीच हाकली. मग खडखड, आणि गाडी बंद.

पाईप लावून पाणी भरलं तरी रोज पाव लिटर कमी व्हायचं, खाली एक थेंब नाही. थंड इंजिनवर टोपी काढून गाडी चालू केली, रेडिएटरमध्ये बुडबुडे, थांबायचं नाव नाही. गॅरेजवाल्याने रेडिएटरच्या तोंडावर नळी लावून त्यात निळं द्रावण धरलं, ते पिवळं झालं. म्हणजे सिलिंडरमधला धूर पाण्यात शिरतोय, हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या सांध्यातली सीलची पट्टी) गेलं. हेड उतरवून त्यावर सरळ पट्टी ठेवली तर मधे फिलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पत्रीचं) पान आरपार गेलं. ॲल्युमिनियमचं हेड, तापून वाकलेलं. लेथवर फेसिंग करून (घासून सपाट करून) घ्यावं लागलं.

पावसाळ्यासाठी एक सांगून ठेवतो. जुलैत ऑइलच्या टोपीखाली दुधी साय दिसली म्हणून कुणी हेड उघडायला सांगितलं, तर आधी ऑइलची पट्टी काढून बघा. घर ते बाजार एवढीच गाडी फिरत असेल तर दमट हवेची वाफ तिथे जमते. पट्टीवरचं ऑइलही चहासारखं दुधाळ असेल, तेव्हा घाबरा.

फोंड्याहून

माझी गाडी तापलीच नव्हती, तरी लिहिते. गेल्या पावसात डाव्या सीटखालचं मॅट ओलं व्हायचं. सगळे म्हणाले, एसीचा ड्रेन तुंबला. तो साफ केला, तरी ओलं. काचेवर आतून धूसर थर, पुसला की तेलकट फराटे, आणि गाडीत पाकासारखा गोडसर वास. एक दिवस मॅटला बोट लावलं तर बुळबुळीत. एसीचं पाणी असं नसतं. हीटरचा छोटा रेडिएटर डॅशबोर्डमागे गळत होता. तो काढायला अख्खा डॅशबोर्ड उतरवला, दोन दिवस गेले.

तेव्हा कळलं की कुलंट चवीला गोड असतं, आणि कुत्र्या-मांजरांना थोडंसंही प्राणघातक. माझं मांजर त्याच मॅटवर झोपायचं! धुतलेलं मॅट मी गच्चीत वाळत घातलं, आणि वाळल्यावर सरळ कचऱ्यात टाकलं.

साखळीहून (धागा काढणारा)

मडगावचे काका, सुई उतरल्यावर खूश होणाऱ्यांत मीही होतो. चोर्ल्यात पहिल्यांदा ती थोडी उतरली तेव्हा मी "चला, पुढे" असंच म्हणालो होतो. परवा पुन्हा बेळगावला जाऊन आलो, येताना कुंद्याचे दोन डबे. आज सकाळी बॉनेट उघडलं, वरचा पाईप चांगला गोल होता.