गार पाणी बरं, पण कधी?

गार पाण्यात बुडालेला माणूस जास्त वेळ तग धरतो, असं म्हणतात. अर्धंच खरं आहे. बर्फगार पाण्यात पडल्या पडल्या हबकून जो श्वास आत ओढला जातो, तो आवरता येत नाही. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर संपलंच. मग धाप लागते. दहाएक मिनिटांत बोटं वळेनाशी होतात, दोरी समोर असून धरता येत नाही. पट्टीचे पोहणारेही इथेच जातात, शरीर पुरतं गारठण्याच्या कितीतरी आधी.

फायदा मिळतो तो ऑक्सिजन संपण्याआधी मेंदू थंड झाला तरच. १९९९ साली नॉर्वेत आना बोगेनहोल्म ही डॉक्टर ८० मिनिटं बर्फाखाली अडकली होती. शरीराचं तापमान १३.७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरलं, तरी वाचली. पण तिला बर्फाखाली हवेची पोकळी सापडली होती, हे सांगायचं नेहमी राहून जातं! सुमारे ४० मिनिटं ती श्वास घेत होती आणि तेवढ्यात अंग गार होत गेलं. म्हणूनच अशा गारठलेल्या माणसाला ऊब देऊन पाहिल्याशिवाय डॉक्टर सहसा मृत ठरवत नाहीत.